भिंतीकडची माती, दाराकडची माती

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुकांची माफी असावी, आणि जमलं तर वाचूच नये. मी ती पिठाच्या डब्यामागं ठेवते. डबा कुणी सरकवला तर मला दुसऱ्या खोलीतूनही आवाज कळतो.

आमचं घर देऊळघाटच्या पुढं आहे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घराचे दोन भाग झाले आणि मागच्या मोकळ्या जागेचेही दोन. मधे खांद्याएवढी भिंत घातली. भिंतीपलीकडं माझी मोठी जाऊ, अलीकडं मी. माझ्या जागेत मी फुलं लावली. गुलाब, शेवंती, झेंडू, कडेला थोडा मोगरा. नवरा सकाळी बुलढाण्याला दूध घालायला जातो, त्याच्याबरोबर फुलांची पिशवी एका हारवाल्याकडं जाते. त्या हारवाल्याला मी आजवर पाहिलेलं नाही. पिशवी जाते आणि पैसे येतात. मला तेच बरं वाटतं. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. मी बोलत नाही, पण कोण काय करतं त्याच्यावर माझं बारीक लक्ष असतं, आणि पाहिलेलं मी विसरत नाही.

झाडांची हयगय मी कधी केली नाही. शेणखत घालायचं, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी द्यायचं, आणि रोज सकाळी चुलीतली राख. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. जळण म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी. तिची राख पांढरी, मऊ, पिठासारखी होते. जानेफळला माहेरी आई हीच राख वांग्यावर, वालाच्या वेलावर फुंकायची. किडे पळतात, झाडाला जोर येतो, असं ती म्हणायची. मी तर घमेलंभर टाकत होते. मागच्या दारापासून सुरू करून हात पोचेल तिथवर सगळ्या वाफ्यांत. फक्त भिंतीजवळची एक ओळ राहायची. तिकडं गेलं की जाऊ पलीकडून दिसायची आणि काहीतरी बोलावं लागायचं, म्हणून मी जात नव्हते.

फुलं लावल्याच्या सहाव्या वर्षी गुलाबाची पानं पिवळी पडायला लागली. जुनी नाही, कोवळी. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, जणू कुणी पानावर हिरव्या दोऱ्यानं भरतकाम केलं. आधी दाराजवळचे गुलाब गेले, मग शेवंती. कळ्या बोरापेक्षाही बारीक. हारवाल्यानं निरोप धाडला की फुलांत जीव नाही, असंच राहिलं तर दुसरीकडून घेईन. ती फुलं बंद झाली असती तर माझ्या हातात स्वतःचा म्हणावा असा एक रुपया राहिला नसता.

मी राख वाढवली. दोन घमेली टाकायला लागले. आणि विचार करायला लागले की हे कुणी केलं.

कुणी केलं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रोज सकाळी भिंतीवरून पाण्याची बादली माझ्या जागेत रिकामी व्हायची. भस्सकन आवाज यायचा. आधी मी लक्ष दिलं नव्हतं, आता रोज कान लावून बसायला लागले. पाणी पांढुरकं असायचं. धुण्याच्या सोड्याचं असणार. मग एकेक गोष्ट जुळत गेली. माझ्या फुलांचे पैसे येतात ते तिला खुपत असणार. मी मागच्या दारात आले की ती खोकायची. आणि एक दिवस तिनं भिंतीवरून मान काढून विचारलं, "लहाने, तुह्या गुलाब असा पिवळा काऊन पडून राह्यला वं?"

माझी खात्री झाली. ज्यानं केलं तोच आधी विचारायला येतो.

मग नवऱ्याच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, आवाज अगदी बारीक करून. एक बाई सांगत होती की मातीवर आंबट काहीतरी टाकायचं. फेस आला तर माती क्षाराची, नाही आला तर नाही. झाडाला फार क्षार झाला तर पानं पिवळी पडतात. मी घरात कुणी नसताना लिंबू कापलं, दाराजवळच्या वाफ्यातली चिमूटभर माती बशीत घेतली आणि पिळलं. माती चरचरली. बारीक बारीक बुडबुडे वर आले. सोडा! मला दुसरं काही सुचलंच नाही. भिंतीजवळची माती तपासावी, जिथं ते पाणी खरोखर पडत होतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी बशी तशीच झाकून ठेवली आणि नवरा आल्यावर त्याच्या कानात सांगितलं.

दोन दिवसांनी जावेच्या ओसरीवर सगळ्यांचं बसणं झालं. माझा नवरा, त्याचे थोरले भाऊ म्हणजे माझे भासरे, आणि दोघांची आत्या, जी तेव्हा महिनाभर राहायला आली होती. भासऱ्यांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलेलं नव्हतं. मी दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले. माझ्या वतीनं सगळं नवराच बोलला.

जाऊ म्हणाली, "सोडा? मी तांदूळ धुतलेलं पाणी टाकतो हो तिथं, भांडे इसळलेलं. अन् टाकतो ते भितीच्या बुडाशी. भितीपाशचे झाडं जाऊन पाहा, कसे हिरवेगार हायेत! मेले ते तिच्या दारातले. माह्या हात तिच्या दारापर्यंत जाते काय?"

खरंच भिंतीजवळची ओळ हिरवी होती. दाराआडून मी मनात म्हटलं, किती हुशार आहे. नजरेत येऊ नये म्हणून जवळची तेवढी राखली.

भासरे सरळ माणूस. भावाशी वाकडं नको म्हणून त्यांनी विचारलं, झाडांचं किती गेलं? नवऱ्यानं आकडा सांगितला, चोवीसशे. भासरे जावेकडं पाहून म्हणाले, "देऊन टाक, अन् पाणी टाकणं बंद कर."

जाऊ ब्लाऊज शिवते. शिलाईच्या डब्यातून तिनं नोटा काढल्या, दाराशी आली आणि माझ्या हातात कोंबल्या. "घे वं लहाने. आता फुलू दे तुहे फुलं माह्या घामावर."

त्या पैशांची मी गुलाबाची नवी कलमं आणली. जुनी झाडं उपटली आणि त्याच खड्ड्यांत कलमं लावली. जावेचं पाणी बंद झालं होतं. बादलीचा आवाज येत नव्हता. दीड महिन्यानं कलमांची कोवळी पानं पिवळी झाली. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी.

मग मी पहारा सुरू केला. न्हाणीच्या दाराला एक फट आहे, तिच्यातून भिंत दिसते. भांडी घासायचं निमित्त करून मी तिथं तासन् तास बसायचे. जाऊ यायची, कपडे वाळत घालायची, जायची. एकदा ती थांबली आणि सरळ फटीकडं पाहत म्हणाली, "निघ न बाहीर. दम कोंडंल तुह्या."

कलमं ज्या रोपवाटिकेतून आणली तिथल्या माळ्याला नवऱ्यानं विचारलं. तो म्हणाला, आधी मातीचा सामू तपासा. सामू म्हणजे माती आंबट की क्षाराची याचं माप. सरकारी प्रयोगशाळेत होतं. माती कशी काढायची तेही त्यानं सांगितलं होतं. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, खुरप्यानं वीतभर खड्डा घ्यायचा, वरपासून खालपर्यंतची एक चकती उतरवायची. अशी पाच-सहा ठिकाणची माती कपड्यावर एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो राहीपर्यंत. आणि जिथं खत किंवा राख पडली असेल तिथली माती घ्यायची नाही.

खुरपं घेऊन मी उभी राहिले. राख नाही अशी जागाच सापडेना. माती थोडी उकरली तरी खाली पांढुरकी रेघ दिसायची. मला त्या माळ्याचाच राग आला. राखेचं त्याला काय करायचं आहे? शेवटी मी दोन पिशव्या भरल्या. एक दाराजवळची, राखेसकट. एक भिंतीजवळची, कारण तिथंच तेवढी राख नव्हती. दारच्या पिशवीला लाल दोरा बांधला, भिंतीच्या पिशवीला पांढरा. गाठी अशा मारल्या की कुणी सोडून पुन्हा बांधल्या तर मला कळलं असतं.

नवरा यायला तयार नव्हता, म्हणून मी एकटी एस.टी.नं बुलढाण्याला गेले. पायाशी पिशव्या बघून कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय आहे?"

"माती."

"बुलढान्यात कमी पडली काय?"

सगळी गाडी हसली. मी उतरेपर्यंत मान वर केली नाही.

प्रयोगशाळेत एक चष्मेवाले साहेब आणि एक शिपाई होता. शिपायानं पिशव्या घेतल्या आणि गाव विचारलं. मग आपणच म्हणाला, मी धामणगाव बढ्याचा. जावेचं माहेर तेच. इतक्या मोठ्या गावात ओळख असेलच असं नाही, पण नसेलच असंही नाही. साहेबांनी पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि म्हणाले, पंधरा दिवसांनी या.

मी गेले नाही. बाकावर बसून राहिले. पिशव्या टेबलावर होत्या आणि शिपाई त्यांच्याजवळून ये-जा करत होता. साहेब दोनदा म्हणाले, "मावशी, या आता." मी उठले, दारापर्यंत गेले आणि तिथंच उभी राहिले. बोलायचं धाडस नव्हतं, आणि पाय बाहेर पडत नव्हते.

शेवटी ते हसले. "बरं, सामू तेवढा तुमच्यासमोर काढतो. बाकीचं नंतर."

गाठी मी स्वतः सोडल्या. त्यांनी दोन काचेच्या पेल्यांत थोडी थोडी माती घेतली, पाणी घातलं, काडीनं ढवळलं आणि अर्धा तास ठेवलं. अर्धा तास मी पेल्यांवरची नजर काढली नाही. मग एका यंत्राची कांडी आधी पांढऱ्या दोऱ्याच्या पेल्यात बुडवली. आकडा वर-खाली हलला आणि थांबला. सात पॉइंट सहा. कांडी धुऊन लाल दोऱ्याच्या पेल्यात. आठ पॉइंट नऊ.

"सात म्हणजे मधोमध," साहेब म्हणाले. "खाली गेलं की आंबट, वर गेलं की क्षार. आपली काळी माती थोडी वरच असते, त्यामुळं भिंतीकडची ठीक आहे. पण या दुसऱ्या मातीत गुलाब कसा जगेल? हिच्यात लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी."

तेव्हा मी माझ्या तोंडानं विचारलं, "कोनी सोडा टाकला असंल तं?"

"कुठं टाकला?"

"भितीकडं."

"भिंतीकडची तर चांगली आहे ना मावशी. तुम्ही काय टाकता?"

"शेणखत."

"अजून?"

"राख."

"किती?"

"घमेलंभर. कधी दोन."

"वर्षातून?"

"रोज."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "राखेच्या पाण्यात हात घातला की कसा लागतो?"

"बुळबुळीत."

"आणि सोड्याच्या?"

उत्तर मला ठाऊक होतं. दोन्हीनं हात सारखाच बुळबुळतो.

परतताना गाडीत मी साहेबांवर संशय घेतला. शिपायावर घेतला. यंत्रावरसुद्धा घेतला. घरी आल्यावर हातपाय न धुता दोन लिंबं कापली. एका बशीत भिंतीकडची माती घेऊन पिळलं. दोन-चार बुडबुडे आले आणि विरले. दुसऱ्या बशीत दारची माती, ती पहिल्यासारखीच चरचरली. मग मी चुलीतली ताजी राख तिसऱ्या बशीत घेतली. लिंबाचे थेंब पडताच ती उतू जाणाऱ्या दुधासारखी फसफसली. त्या बशीजवळ जाऊ आली नव्हती, शिपाई आला नव्हता. चूल माझी, राख माझी, हात माझा.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता काऊन उकरून काढतं वं? पैसे तिनं देल्ले, इषय संपला. कोनाले मालूम आहे?"

तेही खरं होतं. पंधरा दिवसांनी छापील कागद आला, तो मी घडी करून या वहीत ठेवला. राख आता रोज उकिरड्यावर जायला लागली. साहेबांनी सांगितलं तसं मातीत गंधकाची भुकटी आणि भरपूर शेणखत मिसळलं. हळूहळू, एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला तेव्हा, कलमांना हिरवं पान फुटलं. शेवंती भरली. हारवाल्याचा निरोप आला, अजून असतील तर पाठवा.

या सगळ्या महिन्यांत जावेनं पाण्याचा एक थेंब भिंतीवरून टाकला नाही. धुण्याची, भांड्यांची बादली उचलून ती अंगण ओलांडून रस्त्याच्या नालीपर्यंत न्यायची. तिचा गुडघा दुखतो. मला फटीतून दिसायचं, ती मधे एकदा बादली टेकवायची. गावात ज्या बायका तिच्याकडं शिवायला यायच्या त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "तुह्या जावेनं झाडाईले औषध घालून मारलं म्हन्तेत, खरं काय?" म्हणजे गोष्ट गावभर झाली होती. मी फक्त नवऱ्याच्या कानात सांगितली होती.

फुलांच्या पैशांतून परतफेडीचे पहिले सहाशे साठले तेव्हा मी ते भिंतीवर दगडाखाली ठेवले आणि आत पळाले. संध्याकाळी पाहिलं तर तिथंच. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी पलीकडून आवाज आला. "हे नोटा कोनाच्या हायेत? इच्यावर हळद काऊन लागली हाय? करणी-बिरणी करते काय वं माह्यावर?"

हळद माझ्या बोटांची होती, मी स्वयंपाकातून आले होते. पण आता गप्प राहिले असते तर करणीही माझ्या नावावर लागली असती. मी भिंतीपाशी गेले. सात वर्षांत पहिल्यांदा आपणहून गेले.

"बाई, तुमचेच पैसे हायेत. सोडा नव्हता. राख होती."

"कोनाची राख?"

"माही."

मला वाटलं ती ओरडेल, किंवा रडेल. तिनं दगड उचलला, नोटा पाहिल्या. "आता काऊन देतं? काय पाह्यजे तुले?"

"काही नाई."

"काही नाई म्हन्णारं कोनी पैसे देत नाई." तिचाही माझ्यावर विश्वास नव्हता. कसा असणार? मग ती म्हणाली, "घेतले चार मानसांत. देतं भितीवरून, कोनी पाहू नये म्हनून. असं नाई चालत. बाकीचे ज्याईच्यासमोर घेतले त्याईच्यासमोर दे. सांग का काय झालं. नाई तं हे बी घेऊन जाय."

नोटा तिनं पुन्हा दगडाखाली ठेवल्या.

मी कित्येक दिवस त्या नोटा तिथून उचलल्या नाहीत आणि तिनंही नाही. फुलं विकली जात होती, पैसे साठत होते. चोवीसशे पुरे झाले तरी मी गेले नाही. आजारी पडले असते तर बरं, असंही वाटायचं. मग आत्या पुन्हा राहायला आल्या. आता निमित्त उरलं नव्हतं. मी भिंतीवरचे सहाशे उचलले, बाकीच्यांत मिळवले आणि नवऱ्याला म्हटलं, चला. तो म्हणाला, तुच जाय, मी नाई येत. पण जरा वेळानं मागून आला आणि ओसरीच्या कडेला उभा राहिला.

भासरे खाटेवर होते. आत्या सुपारी कातरत होत्या. जाऊ मशीनवर बसली होती, पाय थांबवून. मी दाराआड गेले नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि जमिनीकडं पाहून म्हटलं, "झाडं माह्या राखेनं मेले. बाईनं काही टाकलं नव्हतं."

आत्या म्हणाल्या, "काय म्हन्ते ते? आईकू नाई आलं. मोठ्यानं बोल वं!"

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. तेवढा मोठा आवाज मी माहेरीसुद्धा कधी काढला नसेल. शेजारच्या अंगणात झाडू मारण्याचा आवाज थांबला, तोही मला ऐकू आला. मी प्रयोगशाळेचा कागद पुढं केला. भासऱ्यांनी तो वाचला, घडी केली आणि माझ्याकडं न पाहता माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

मी नोटा मशीनच्या पाटावर ठेवल्या. जावेनं बोट ओलं करून मोजल्या. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्या. एक शंभराची नोट तिनं उजेडाकडं धरली, कोपऱ्यातून फाटलेली होती, ती मला परत दिली. "हे बदलून आन."

मी घरी गेले, दुसरी नोट घेऊन आले. तीही तिनं उजेडाकडं धरून पाहिली. मग सगळ्या सरळ करून शिलाईच्या डब्यात टाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चोवीसशे. पुरे झाले."